आजीच्या बटव्यातले राणीछाप रुपये: वितळवायच्या आधी एकदा नीट बघा

हा भाग कानांनी ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी बघण्याचा जास्त आहे, म्हणून ज्यांनी 'लेखी पाठव' असा मेसेज केला होता त्यांच्यासाठी हा सगळा मजकूर. घरात जुनं नाणं असेल तर ते समोर घेऊनच बसा. आणि एक विनंती, वाचून होईपर्यंत ते घासू नका. का, ते पुढे येईलच.

गोष्ट सुरू झाली मामाच्या फोनवरून. आजी जाऊन वर्ष झालं होतं. वाईच्या घरातलं कपाट आवरताना देव्हाऱ्यामागे तिचा बटवा सापडला. हळदीने पिवळा पडलेला, तोंडाला दोरी. आजी दरवर्षी लक्ष्मीपूजनाला त्यातले रुपये काढून पाटावर मांडायची आणि भाऊबीज झाली की परत बांधून ठेवायची. मामा म्हणाला, "अगं, आठ रुपये आहेत चांदीचे. दादाच्या बाळाला वाळे करायचेत. उद्या सोनाराकडे टाकतो. दोन-तीन तर एकसारखेच आहेत, ठेवून काय करायचं?"

मी म्हणाले, "मामा, रविवारपर्यंत थांब. मी येते, एकदा बघू दे."

खरं सांगते, तेव्हा मला नाण्यांमधलं काही कळत नव्हतं. मला अडवलं ते आजीच्या एका वाक्याने. ती सांगायची, "यातला एक रुपया माझ्या आजेसासऱ्यांच्या पहिल्या पगारातला, अठराशे बासष्टचा." आता बटव्यात १८६२ लिहिलेले रुपये निघाले दोन. मग त्यातला कोणता? आणि मामा नेमका त्यातलाच एक 'डबल आहे' म्हणून वितळवणार होता.

पायरी पहिली: चेहरा आणि नाव वाचा

आपण सगळ्यांना सरसकट 'राणीछाप' म्हणतो, पण प्रत्येकावर राणी असेलच असं नाही. सोपी यादी देते, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१८३५ लिहिलेला रुपया: विल्यम चौथा. ईस्ट इंडिया कंपनीने त्या वर्षीपासून तिच्या ताब्यातल्या मुलखात एकच रुपया लागू केला. आधी बंगालचा वेगळा, मुंबईचा वेगळा, मद्रासचा वेगळा असा कारभार होता.

१८४०: तरुण व्हिक्टोरिया, डोक्यावर मुकुट नाही. मागे 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि पानांची माळ.

१८६२ पासून: मुकुटवाली व्हिक्टोरिया. आता कंपनी गेलेली, मागे नुसतं 'इंडिया'. १८७६ पर्यंत 'व्हिक्टोरिया क्वीन' म्हणजे राणी, आणि १८७७ पासून 'व्हिक्टोरिया एम्प्रेस' म्हणजे सम्राज्ञी.

१९०३ ते १९१०: एडवर्ड सातवा. दाढीवाला, मुकुट नसलेला. आमच्याकडे त्याला सरळ 'टकल्या' म्हणतात.

१९११ पासून: जॉर्ज पाचवा. मुकुट, दाढी, अंगावर नक्षीचा झगा.

१९३८ पासून: जॉर्ज सहावा. मुकुट आहे, दाढी नाही.

आमच्या बटव्यात १८४० चा एक, १८६२ चे दोन, १८८५ चा एक, १९०४ चा एक आणि जॉर्ज पाचव्याचे तीन निघाले. शिवाय एक तांब्यासारखं नाणं, राम-सीतेचं. त्याची गंमत शेवटी.

पायरी दुसरी: वर्षावर विश्वास ठेवू नका

इथे बहुतेक जण फसतात. मीही फसले. नाण्यावर १८६२ लिहिलंय म्हणजे ते १८६२ साली पाडलं, असं आपण धरून चालतो. पण १८६२ हे वर्ष पुढे १८७४ पर्यंत तसंच छापत राहिले! वर्ष गोठवून ठेवलं होतं. १८४० चंही तेच. त्या रुपयाचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात 'व्हिक्टोरिया क्वीन' ही अक्षरं डोक्यावरून सलग जातात. दुसऱ्यात 'व्हिक्टोरिया' एका बाजूला, 'क्वीन' दुसऱ्या बाजूला आणि मध्ये डोकं. हा तुटक अक्षरांचा प्रकार नंतरचा. १८५० च्या दशकातही तो पाडला जात होता, वर्ष मात्र १८४० च. आमचा निघाला तुटक अक्षरांचा. म्हणजे ज्याला मी जवळपास दोनशे वर्षांचा समजत होते, तो फार तर पावणेदोनशेचा.

वर्ष का गोठवायचं? याचं मूळ जुन्या बाजारात आहे. पूर्वी सराफ नाण्यावरचं वर्ष बघून पैसे कापायचे. नाणं जुनं, म्हणजे झिजलेलं असणार, म्हणजे पूर्ण किमतीला घेणार नाही. या कपातीला म्हणायचे बट्टा. आपण 'नावाला बट्टा लागला' म्हणतो ना, तोच हा शब्द. दरवर्षी नवं वर्ष छापलं की मागच्या वर्षीचा रुपया लगेच 'जुना' ठरायचा आणि गरीब माणसाच्या हातातले पैसे आपोआप कमी व्हायचे. म्हणून कंपनीने अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालमध्ये बादशहाच्या कारकिर्दीचं एकोणिसावं वर्षच सगळ्या रुपयांवर कायम छापायला सुरुवात केली. वर्ष न बदलण्याची ती सवय पुढेही राहिली. १८७४ नंतर मात्र खरं वर्ष छापायची पद्धत पडली.

पायरी तिसरी: दोन १८६२ शेजारी ठेवा

आता आमचे ते दोन 'डबल' रुपये. मामाने दिव्याखाली धरले आणि म्हणाला, "हे बघ, सेम आहेत." नुसत्या डोळ्यांना खरंच सेम दिसतात.

मग मी फोन काढला. पद्धत अशी. नाणं काळ्या किंवा गडद कापडावर ठेवा. फोनचा मॅक्रो मोड चालू करा. मॅक्रो नसेल तर थोडं लांबून दोन-तीन पट झूम करा. फोनचा फ्लॅश वापरू नका, चांदी चमकून सगळं पांढरं होतं. दुसऱ्या फोनचा टॉर्च बाजूने, अगदी तिरका, नाण्याच्या पातळीवरून मारा. उठावाची सावली पडते आणि झिजलेली नक्षीसुद्धा वर येते. आणि नाणं धरायचं कडेने, दोन बोटांत. चेहऱ्यावर अंगठा नको.

आता १८६२ च्या रुपयावर तीन जागा बघायच्या.

एक, वर्षाच्या आजूबाजूची टिंबं. मुंबईच्या टांकसाळीने वर्ष गोठवलं तरी आपल्या हिशोबासाठी बारीक टिंबं घालायला सुरुवात केली. काही नाण्यांवर ती वर्षाच्या वर असतात, काहींवर खाली, काहींवर दोन्हीकडे. किती टिंबं आणि कुठे, यावरून ते नाणं खरं कोणत्या वर्षी पाडलं हे संग्राहक ठरवतात. थोडक्यात, टिंब असलं की ते नाणं १८६२ नंतरचं.

दोन, मागच्या बाजूला नक्षीत सगळ्यात वरचं फूल. त्याच्या तळाशी दोन मोठ्या पाकळ्या आहेत. काही नाण्यांत त्या लांब आणि खाली वळलेल्या असतात, काहींत आखूड आणि जवळजवळ आडव्या. हे वेगवेगळ्या ठशांचे प्रकार.

तीन, राणीच्या झग्याची पुढची पट्टी. छातीवरून खाली येणाऱ्या या पट्टीत नक्षीचे चौकोन आहेत. ते किती आहेत आणि शेवटचा कुठे कापला गेलाय, यावरून चेहऱ्याच्या बाजूचे प्रकार पाडतात.

या तीन गोष्टींची जोडी जमवली की तुमच्या नाण्याचा नेमका प्रकार हाती येतो. एकाच वर्षाच्या, एकाच किमतीच्या रुपयांत कितीतरी पोटप्रकार आहेत. काही ढिगाने मिळतात, काही क्वचित.

आमच्याकडे काय निघालं? एका रुपयावर वर्षाच्या खाली टिंबांची बारीक ओळ दिसली. मामाला दाखवली तर म्हणाला, "हा मळ असेल." तिरका टॉर्च मारल्यावर प्रत्येक टिंबाची सावली वेगळी पडली. मग गप्प झाला. दुसऱ्यावर एकही टिंब नव्हतं. म्हणजे टिंबवाला रुपया १८६२ च्या पगारातला असूच शकत नाही. आजीची गोष्ट खरी असेल तर तो मान दुसऱ्याचाच. लक्षात घ्या, 'असेल तर'. कारण कलकत्ता आणि मद्रासच्या टांकसाळींतूनही १८६२ लिहिलेले रुपये निघाले. नुसतं टिंब नाही म्हणून ते त्याच वर्षाचं असं सिद्ध होत नाही. पण कोणता नाही, एवढं तर नक्की कळलं. आणि मामा सोनाराला द्यायला निघाला होता तो बिनटिंबाचा होता, कारण तो जास्त झिजलेला आणि त्याच्या कडेला डाग दिलेली खूण होती.

ती खूण कसली, हेही सांगते. पूर्वी रुपयांना कडी जोडून गळ्यात घालायचे, हमेल करायचे. कडी काढली की तिथे झाळलेली जागा राहते. संग्राहक अशा नाण्याची किंमत कमी करतात. पण घरच्यांसाठी त्याचा अर्थ असा की हे नाणं कुणाच्या तरी गळ्यात होतं.

पायरी चौथी: टांकसाळ कोणती?

पुढच्या राजांच्या रुपयांवर हे सोपं आहे. सम्राज्ञी व्हिक्टोरियाच्या रुपयांवर मागे अगदी तळाच्या फुलात बारीक 'बी' दिसला तर मुंबई, 'सी' दिसला तर कलकत्ता. एडवर्डच्या रुपयावरही मुंबईसाठी खालच्या बाजूला बारीक 'बी' शोधायचा. जॉर्ज पाचव्याच्या रुपयावर मागच्या तळच्या कमळाखाली टिंब असेल तर मुंबई, काहीच नसेल तर कलकत्ता.

जॉर्जवरून एक भारी किस्सा. १९११ चा रुपया असेल तर जपून ठेवा. राजाच्या झग्यावरच्या साखळीत एक हत्ती आहे. त्या वर्षीच्या ठशात त्याची सोंड इतकी आखूड आली की लोकांना ते डुक्कर वाटलं. राजाच्या अंगावर डुक्कर! ओरड झाली, सरकारने ते रुपये मागे घेतले आणि १९१२ पासून सोंड नीट दिसेल असा हत्ती केला. संग्राहक १९११ च्या नाण्याला आजही 'पिग रुपी' म्हणतात. आमच्याकडे १९१२ चा निघाला. एका वर्षाने हुकलं!

उरलेले दोन १९१८ चे. हे वर्ष सगळ्यात जास्त घरांत सापडतं. पहिल्या महायुद्धात चांदीच्या रुपयांची मागणी प्रचंड वाढली होती आणि चांदी पुरत नव्हती. तेव्हा अमेरिकेने १९१८ साली पिटमन कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि २५ कोटींहून जास्त डॉलरची चांदी ब्रिटनला विकली, ती भारतासाठी. म्हणजे तुमच्या पणजीच्या त्या काळच्या रुपयात अमेरिकन डॉलरची चांदी असण्याची शक्यता आहे.

जॉर्ज सहाव्याच्या बाबतीत एकच लक्षात ठेवा. १९४० पासून रुपयात चांदी निम्मीच, ५० टक्के. आणि १९४७ चा वाघवाला रुपया तर निकेलचा. 'जुना म्हणजे चांदीचा' हे इथे संपतं.

पायरी पाचवी: खरं की खोटं?

१८३५ च्या कायद्याने रुपयाचं वजन ठरलं १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. तोळा म्हणजेही ११.६६ ग्रॅम, म्हणून रुपया हे तोळ्याचं वजन म्हणून तराजूत टाकायचे. तुमचा रुपया सोनाराच्या काट्यावर ठेवा. झिजेमुळे थोडं कमी भरेल, पण नऊ-दहा ग्रॅमच भरला तर शंका घ्या. रुंदी साधारण ३०.५ मिलिमीटर. चुंबकाला चिकटला तर विषयच संपला. कडेवरच्या उभ्या रेघा सारख्या हव्यात. मध्येच साच्याचा जोड दिसला तर ओतीव नक्कल. हे रुपये यंत्रावर ठसा मारून पाडलेले, म्हणून तर त्यांना 'कलदार' म्हणायचे. कळ म्हणजे यंत्र.

आणि आता ते राम-सीतेचं नाणं. एका बाजूला राम दरबार, दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि १८१८. आजीने ते मनापासून पूजलं, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण ईस्ट इंडिया कंपनीने असं नाणं कधीच काढलं नाही. हे देवळाबाहेर, जत्रेत विकले जाणारे नवे टोकन आहेत. यांना 'दुर्मिळ' म्हणून विकणारा कुणी भेटला तर हात जोडून पुढे चला. देव्हाऱ्यात ठेवायला काहीच हरकत नाही.

माझी चूक

आता ते घासण्याचं. वाईला जायच्या आधी मामाने एक रुपया, १८८५ चा, माझ्याकडे पाठवला होता. काळा पडला होता. फोटो छान यावा म्हणून मी टूथपेस्ट लावून जुन्या ब्रशने चकाचक केला. झाला पण असा लख्ख! नंतर मॅक्रोत बघितलं तर सगळ्या चेहऱ्यावर बारीक ओरखडे. तळच्या फुलातलं टांकसाळीचं अक्षर आधीच झिजलेलं, ते आता वाचताच येत नाही. तो मुंबईचा की कलकत्त्याचा, हे मी स्वतःच्या हाताने पुसलं. चांदीवरचा काळा थर वर्षानुवर्षं चढलेला असतो, तो नाण्याचं नुकसान करत नाही. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर, काही नको. फार तर साध्या पाण्यातून काढा, मऊ कापडाने टिपा, पुसू नका. आणि मऊ प्लॅस्टिकच्या पीव्हीसी पाकिटात ठेवू नका, त्याने हिरवा चिकटा धरतो. कागदाचं पाकीट चालेल.

'किती लाख मिळतील?'

हा प्रश्न येणारच. माझ्या मावसभावाने रील बघितली होती. 'हे नाणं असेल तर व्हा लखपती.' त्याने नंबरवर फोटो पाठवला, समोरून 'तीन लाखांना फायनल' आलं, फक्त अकराशे रुपये रजिस्ट्रेशन फी भरायची. भरली. मग जीएसटी मागितला. मग नंबर बंद. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये यावर जाहीर इशारा दिलाय की बँकेचं नाव आणि लोगो वापरून जुन्या नोटा-नाण्यांसाठी फी, कमिशन, टॅक्स मागणारे लोक फसवे आहेत. रिझर्व्ह बँक अशा व्यवहारात पडत नाही. साधा नियम: जो विकत घेतोय तो तुमच्याकडून आधी पैसे मागत नाही.

किंमत ठरते प्रकार, टांकसाळ आणि झीज यांवर. बहुतेक घरांतले रुपये चांदीच्या भावापेक्षा थोडेफार जास्त जातात, इतकंच. पण सोनाराच्या काट्यावर सगळे सारखेच. तो प्रत्येकी साडेदहा ग्रॅमच्या आसपास शुद्ध चांदी धरणार, मग त्यात क्वचित मिळणारा पोटप्रकार असला तरी.

कायद्याच्या दोन गोष्टीही माहीत असू द्या. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते परदेशी नेता किंवा पाठवता येत नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या ताईला कुरिअर नको. आणि नाणी घराच्या बटव्यात नसून जमिनीत पुरलेली सापडली, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

मग आम्ही काय केलं?

रविवारी सगळे जमलो. प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढले, वजन लिहिलं. १९१८ चे दोन रुपये, दोन्ही कलकत्त्याचे, दोन्ही खूप झिजलेले, सोनाराकडे गेले. त्यात थोडी चांदी घालून बाळाचे वाळे झाले, आणि मला वाटतं आजीला ते आवडलं असतं. बाकीचे सहा कागदी पाकिटांत गेले. प्रत्येकावर प्रकार, टांकसाळ, वजन आणि घरातली गोष्ट. बिनटिंबाच्या १८६२ वर आईने स्वतःच्या हाताने लिहिलं, 'पहिल्या पगाराचा, असं आई सांगायची.' १८८५ च्या पाकिटावर मी लिहिलं, 'टांकसाळ वाचता येत नाही, मी घासलं.' येत्या लक्ष्मीपूजनाला सहाही पाटावर येतील.

तुमचं काम आता एवढंच. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाजवळ बसा, नाणं समोर ठेवा आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू करून विचारा, 'हे कुठून आलं?' नाणं पुढच्या वर्षीही बघता येईल, सांगणारा माणूस तेव्हा असेलच असं नाही. मी आजीला वेळेत विचारलं नाही, म्हणून टिंबं मोजत बसले.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राच्या संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे. सुट्टीत एक चक्कर मारा.

तुमच्या १८६२ वर टिंबं सापडली तर फोटो नक्की पाठवा. तिरका टॉर्च मारून! भेटू पुढच्या भागात.